त्रास नाही, हे कोणी सांगितलं?

सकाळची ड्यूटी संपत आली होती आणि मी दुपारच्या सिस्टरला हँडओव्हर देत होते. एकेका बेडपाशी थांबायचं, केस पेपर उघडायचा, चार वाक्यांत माणूस सांगायचा आणि पुढे सरकायचं. सात नंबरपाशी आलो. कोलोस्टॉमी म्हणजे आतड्याचं तोंड शस्त्रक्रियेने पोटावर काढणं. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि शौच त्यावर लावलेल्या बॅगेत जमा होतं. "कोलोस्टॉमी, आज नववा दिवस. ताप नाही, बीपी नॉर्मल. स्टोमा छान आहे, लाल, ओलसर. बॅग स्वतः रिकामी करतात, स्वतः बदलतात. एकदम अ‍ॅडजस्ट झालेत, काही त्रास नाही." एवढं बोलून मी आठ नंबरकडे वळले, तेवढ्यात मागून आवाज आला, "सिस्टर, त्रास नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आलं पण रीत वहीत कुठेच दिसत नाही, तेव्हा शिक्षक जसं विचारतील तसं ते विचारणं होतं. ते शिक्षकच होते, गणिताचे. सगळा वॉर्ड त्यांना सर म्हणायचा. मी "तसं नाही सर, म्हणजे..." असं काहीतरी पुटपुटले, पेनाचं टोपण उगाच काढून पुन्हा लावलं. दुपारची सिस्टर आठ नंबरचं सलाईन बघत पुढे गेली होती. तिच्या मागोमाग मीही गेले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत, पण तो प्रश्न शब्दाला शब्द त्यांचाच आहे.

खरं तर सरांना शिकवणं म्हणजे सुख होतं. फ्लँज म्हणजे बॅग पोटाला धरून ठेवणारी चिकट चकती. तिच्यातलं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. लहान झालं तर स्टोमाला काचतं, मोठं झालं तर भोवतालची उघडी कातडी शौचाने सोलवटून निघते. हे मी एकदा सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी पट्टीने मोजून, पेन्सिलने आखून स्वतः कापलं आणि ते माझ्यापेक्षा गोल होतं. कोमट पाण्याने पुसायचं, चोळायचं नाही, टिपून कोरडं करायचं. फ्लँज लावण्याआधी दोन्ही तळव्यांमध्ये धरून थोडी ऊब द्यायची, म्हणजे ती कातडीला नीट धरते. ते ती तळव्यांमध्ये धरून घड्याळाकडे बघत बसायचे, मिनिट पूर्ण होईपर्यंत. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करा म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, "उंचीच्या एक तृतीयांश की आकारमानाच्या?" त्या प्रश्नाचं मला इतकं कौतुक वाटलं होतं की मी तो नर्सेस रूममध्ये सगळ्यांना सांगितला. पाचव्या दिवशी त्यांना माझी गरज उरली नव्हती. मी पडद्याबाहेर उभी राहायचे आणि आतून फक्त कात्रीचा आवाज यायचा.

आमच्या वॉर्डात तेव्हा नर्सिंग केअर प्लॅनचा जो कागद होता, त्यावर चार रकाने होते. शारीरिक, स्वसंकल्पना, भूमिका, परस्परावलंबन. नर्सिंग शिकलेल्या कोणालाही हे चार शब्द झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. नर्सिंगच्या अभ्यासक कॅलिस्टा रॉय यांचं अनुकूलन प्रतिमान (अ‍ॅडाप्टेशन मॉडेल), दहा मार्कांचा हमखास प्रश्न. आमच्या मॅडमनी फळ्यावर चार वर्तुळं एकमेकांत गुंतवून काढली होती आणि आम्ही ती बांगडी ठेवून वहीत गिरवली होती. वर्तुळं इतकी सुंदर आली होती की त्यांच्या आत माणूस कुठे बसतो हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही. सरांच्या कागदावर पहिल्या रकान्यात मी दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं: शौचाचं प्रमाण, कातडीची स्थिती, टाके, झोप, हालचाल. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात मिळून तीन शब्द होते. समस्या नाही. सहकार्य.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी जुनी वही शोधली. चिडूनच शोधली. माझं काय चुकलं ते मला हवं होतं, आणि ते पुस्तकात सापडलं तर बरं, असं वाटत होतं.

कॅलिस्टा रॉय यांच्या नावामागे सिस्टर लागतं ते नन म्हणून. आमच्या नावामागचं सिस्टर वेगळं. पण त्या दोन्ही अर्थांनी सिस्टर. १९३९ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्म, सेंट जोसेफच्या संघात नन आणि शिक्षणाने नर्स. मुलांच्या वॉर्डात काम करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती की आजारात, शस्त्रक्रियेत मुलांचं सगळं जग उलटंपालटं होतं आणि तरी ती ज्या तऱ्हेने नव्या परिस्थितीत पाय रोवतात ते थक्क करणारं असतं. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेताना डोरोथी जॉन्सन या त्यांच्या शिक्षिका होत्या. नर्सिंगचं स्वतःचं असं काय, डॉक्टरांच्या सूचना पाळण्यापलीकडे नर्स नेमकं काय करते, याचा विचार मांडायला जॉन्सन विद्यार्थिनींना भाग पाडत. रॉय यांनी मुलांच्या वॉर्डातली ती गोष्ट धरून ठेवली आणि १९७० साली पहिला लेख छापला. त्यानंतर त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट केली, १९७७ साली. हे मला महत्त्वाचं वाटतं. चार रकान्यांपैकी शरीराचा एकच आहे. बाकीचे तीन माणूस स्वतःला काय समजतो, लोकांत त्याची जागा कोणती आणि तो कोणाकडून प्रेम घेतो, कोणाला देतो, याबद्दलचे आहेत. म्हणजे ज्या बाईंनी हे लिहिलं त्यांना माहीत होतं की आमचा तीन चतुर्थांश पेशंट बेडशीटखाली नसतोच.

मुलांबद्दलचं त्यांचं म्हणणं मला पुस्तकाआधी डोळ्यांनी पटलेलं आहे. विद्यार्थिनी असताना माझी पोस्टिंग मुलांच्या वॉर्डात होती. चारेक वर्षांचा एक मुलगा कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. पहिला दिवस रडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्याने प्लास्टरवर बोटांनी ताल धरला, कारण पोटावर वाजवलं तर एक आवाज येतो आणि मांडीवर वाजवलं तर दुसरा, हे त्याच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या पलंगावरच्या मुलीला तो आवाज विकत होता. तिचा चेंडू दे, मग वाजवून दाखवतो. त्याची आई मात्र तिसऱ्या दिवशीही पलंगाच्या कडेला तशीच ताठ बसून होती, पायाच्या जागी दिसणाऱ्या त्या पांढऱ्या ठोकळ्याकडे न बघता. मी तेव्हा त्या मुलाचा केअर प्लॅन लिहिला. आईचा कोणी लिहीत नाही.

रॉय यांनी आपल्या मांडणीचा एक पाया मानसशास्त्रज्ञ हॅरी हेल्सन यांच्याकडून घेतला. हेल्सन यांनी १९६४ साली अनुकूलन-पातळीवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं, पण त्यांचं मूळ काम त्याच्याही आधीचं, माणूस वजन, रंग, प्रकाश यांचा अंदाज कसा बांधतो याविषयीचं. एखादं वजन जड की हलकं हे त्या वजनावर ठरत नाही. आधी काय उचललं होतं त्यावर ठरतं. जड वजनं उचलत आलेल्या हाताला मधलं वजन हलकं लागतं. हलकी उचलत आलेल्या हाताला तेच जड. प्रत्येकाच्या आत एक मधली रेघ असते आणि ती हलत असते. ती कशाने हलते? तीन गोष्टींनी, असं हेल्सन म्हणाले. समोरची गोष्ट, तिच्या आजूबाजूची परिस्थिती आणि आत साचलेला जुना अनुभव. रॉय यांनी हे तिन्ही उचलले आणि पेशंटला लावले. केंद्रीय उद्दीपक, संदर्भातले उद्दीपक, अवशिष्ट उद्दीपक. परीक्षेला आम्ही उदाहरण लिहायचो: शस्त्रक्रिया ही केंद्रीय, वॉर्डातला गोंगाट हा संदर्भ आणि पूर्वीचा वाईट अनुभव हा अवशिष्ट. पाठ होतं.

त्या रात्री वहीतलं ते वजनांचं उदाहरण वाचताना मला एकाएकी माझा स्वतःचा हात दिसला.

सरांच्या वॉर्डात येण्याआधी मी दोन वर्षं अतिदक्षता विभागात होते. व्हेंटिलेटरवरची माणसं, रात्री तीनला वाजणारे अलार्म, काचेपलीकडे उभे असलेले नातेवाईक. तिथून आलेल्या माझ्या हाताला सरांची कोलोस्टॉमी हलकी लागली होती. गाठ वेळेत निघाली, जखम भरतेय, माणूस चालतोय, स्वतःचं स्वतः करतोय. मी मनातल्या मनात त्यांना तराजूत टाकलं होतं आणि पारडं वर गेलं होतं. रॉय यांचं प्रतिमान पेशंटची अनुकूलन पातळी मोजायला सांगतं, पण मोजणारी बाईही एका पातळीवर उभी असते, आणि दुःख रोज बघून बघून ती पातळी सरकलेली असते. मला कागदावर पाचवा रकाना हवा होता, ज्यात लिहिणारीने आधी स्वतःबद्दल लिहावं: मी आज कोणत्या वॉर्डातून आले, काल कोण गेलं, कोणतं वजन उचलून माझा हात अजून थरथरतो आहे. प्रतिमानात परिस्थितीमध्ये नर्सही येते, हे वाचलेलं होतं. ती नर्स म्हणजे मी, हे वाचलेलं नव्हतं.

हे लिहिताना आई आठवते आहे, आणि तिच्याबाबतीत माझ्याकडे अतिदक्षतेची सबब नाही. साठीच्या आसपास आईला कमी ऐकू यायला लागलं. तिने ते कोणाला सांगितलं नाही. आम्हाला दिसलं ते एवढंच की आई खूप बोलायला लागली. आयुष्यभर चार वाक्यांत दिवस काढणारी बाई पाहुणे आले की थांबायची नाही. एकातून एक गोष्ट, त्यातून तिसरी. आम्ही भावंडं फोनवर एकमेकांना सांगायचो, आई किती मोकळी झाली बघ, उतारवयात खुलली. दीड-दोन वर्षं गेली. एकदा मी मागून तिच्याशी बोलत होते आणि ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत भलतंच काहीतरी सांगत सुटली होती. वळून मला बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यावरून मला कळलं. ती बोलत होती, कारण बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही. आपण बोलत राहिलो की प्रश्न येत नाहीत, प्रश्न आले नाहीत की चुकीचं उत्तर जात नाही. केवढी कल्पक वाट होती ती, आणि केवढी दमवणारी. कानाचं यंत्र लावलं त्या दिवशी ती गप्प बसली. पंख्याची घरघर ऐकत. मग मला म्हणाली, "तुझा आवाज असा पातळ कधीपासून झाला गं?" कानात नवीन यंत्र असलं की आवाज तसे लागतात हे मला माहीत होतं. तरी मी बराच वेळ बोलू शकले नाही.

रॉय यांच्याकडे या अवस्थेला नाव आहे. अनुकूलनाच्या त्या तीन पातळ्या सांगतात. एक, जिथे शरीर-मन एकसंध चाललं आहे. दुसरी भरपाईची, जिथे घाव बसला आहे आणि आतली यंत्रणा जोर लावून तोल सांभाळते आहे. तिसरी, जिथे तो तोलही ढळला आहे. बाहेरून बघणाऱ्याला पहिली आणि दुसरी सारखीच दिसू शकते. आई दुसरीत होती, आम्ही तिला पहिलीत बसवलं. सरही दुसरीत होते. ही आतली यंत्रणा रॉय दोन भागांत मांडतात: एक रेग्युलेटर, जो नसा, रसायनं, ग्रंथी यांच्यामार्फत आपल्याला न विचारता काम करतो, दुसरा कॉग्नेटर, ज्याच्या वाटा चार, आकलन, शिकणं, निर्णय आणि भावना. मी सरांच्या फक्त शिकण्याच्या वाटेवर उभी होते. ती वाट त्यांची आयुष्यभराची होती, तिथे त्यांना हरवणं कोणाला शक्यच नव्हतं. तिथून ते भराभर पुढे गेले आणि मला वाटलं, पोचले.

या प्रतिमानाबद्दल माझं भांडणही आहे, आणि ते शब्दापासून सुरू होतं. अनुकूलन हा पुस्तकी शब्द. बोलताना आपण जुळवून घेणं म्हणतो, आणि हा सल्ला कोण कोणाला देतं ते बघावं. ज्याच्या हातात काही बदलण्याची ताकद आहे त्याला कोणी म्हणत नाही की जुळवून घे. तो शब्द नेहमी वरून खाली येतो. वॉर्डात तर फारच सहज येतो. शांत पेशंट आम्हाला आवडतो. तो वेळ खात नाही. प्रतिमानात पेशंटच्या प्रतिसादाचे दोन प्रकार सांगितले आहेत, अनुकूल आणि निष्प्रभ, आणि आम्ही ड्यूटीच्या घाईत पहिल्याचा अर्थ गप्प आणि दुसऱ्याचा अर्थ कटकट असा करून टाकतो. एका वॉर्डात मी एका बाईंच्या कागदावर "निष्प्रभ, चिडचिड, असहकार" असं लिहिलेलं वाचलं आहे. त्या बाईंनी स्टीलचा ट्रे ढकलून पाडला होता. वेदनाशामक इंजेक्शनची वेळ दोन तास उलटून गेली होती आणि ट्रेच्या आवाजानंतर पाच मिनिटांत ते मिळालं. मला विचाराल तर त्या दिवशी त्या वॉर्डात परिस्थितीला सर्वांत परिणामकारक प्रतिसाद त्यांनीच दिला होता.

पण हा दोष रॉय यांच्या पदरात पूर्ण टाकणं अन्यायाचं होईल. त्यांनी पुढे अनुकूलनाची जी व्याख्या केली तिच्यात विचार करणारा, भावना असणारा माणूस जाणीवपूर्वक आणि स्वतःच्या निवडीने परिस्थितीशी मेळ घडवतो, असं आहे. जाणीव आणि निवड. आणि नर्सचं काम म्हणून त्या जे सांगतात ते मला आजही त्या प्रतिमानातलं सर्वांत मोलाचं वाटतं: नर्सने माणसाला वाकवायचं नाही, उद्दीपक हाताळायचे. त्याच्या भोवतीचं काहीतरी हलवायचं, कमी करायचं, वाढवायचं, काढून टाकायचं. त्यासाठी आधी वागणं बघायचं आणि मग, वेगळी पायरी म्हणून, ते वागणं कशामुळे आहे ते शोधायचं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये मी दार लावून टाकलं होतं. वागणं चांगलं दिसलं, मग कारण कशाला शोधा.

आणि वागणं तरी मी कुठे नीट बघितलं होतं? वही मिटल्यावर अंधारात पडल्या पडल्या एकेक गोष्ट समोर यायला लागली. सर स्टोमाला कधी नाव घेऊन बोलले नव्हते. "ते आज कमी आलंय," "ते पुसलं." काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, खुर्ची पहिल्या दिवसांत उशाजवळ असायची, आता पायथ्याशी सरकली होती. बॅग बदलायची वेळ झाली की काकू न सांगता बाहेर जायच्या, आणि याला मी समजूतदारपणा म्हटलं होतं. सरांना सुरुवातीला कोपऱ्यातला शांत बेड मिळाला होता. चौथ्या दिवशी त्यांनी खिडकीजवळचा सात नंबर मागून घेतला, जिथे दिवसभर रस्त्याचे हॉर्न येतात आणि म्हणून सगळे तो टाळतात. मी कागदावर लिहिलं होतं, उजेड आवडतो. आणि ते वर्तमानपत्र. घडी घातलेलं, कायम डाव्या कुशीवर टेकवलेलं. तीन दिवस एकच वर्तमानपत्र.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे ट्रे न घेता गेले. हे सांगायला सोपं आहे, पण वॉर्डात हात रिकामे असले की आम्हाला उघडं वाटतं. ट्रे असला की काम असतं, काम असलं की जायला कारण असतं. मी स्टूल ओढून बसले. काकू पायथ्याशी होत्या. मी म्हटलं, "सर, काल तुम्ही विचारलंत ना. मला कोणीच सांगितलं नव्हतं." त्यांनी मान हलवली. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा पींपीं आवाज थांबेपर्यंत आम्ही तिघंही थांबलो. मग ते म्हणाले, "सिस्टर, वर्ग शांत असतो."

मला आधी कळलं नाही. त्यांनी सावकाश सांगितलं, खिडकीकडे बघत. फळ्याकडे वळलं की पाठीमागे मुलं कुजबुजतात. नव्या शिक्षकाचा वर्ग तर बाजार होतो. त्यांचा होत नसे. ते लिहायला वळले की फक्त खडूचा आवाज. ती शांतता धाक घालून आणलेली नव्हती, ती तीस वर्षांत कमावलेली होती. मुलं पुढची पायरी काय येते हे बघत थांबायची, म्हणून शांत असायची. "आता त्या शांततेत हे कधी बोलेल, मला सांगता येतं का?" ते म्हणाले. आणि त्यांचा हात वर्तमानपत्रावर होता.

स्टोमाला अडवून धरणारा स्नायू नसतो. वायू येतो तेव्हा येतो, आवाज होतो तेव्हा होतो. हे मी त्यांना तिसऱ्या दिवशी शिकवलं होतं, माहिती म्हणून, कातडीच्या काळजीनंतर आणि आंघोळीच्या आधी. माझ्या कागदावर केंद्रीय उद्दीपक होता स्टोमा. सरांचा केंद्रीय उद्दीपक होता शांतता. म्हणून हॉर्नचा बेड हवा होता, म्हणून वर्तमानपत्र होतं. आणि रकाने? हे स्वसंकल्पनेत टाकायचं की भूमिकेत की परस्परावलंबनात? तिन्हींत होतं आणि कुठल्याच एकात मावत नव्हतं. मॅडमनी फळ्यावर वर्तुळं एकमेकांत गुंतवून का काढली होती ते तेव्हा उमगलं.

मी सांगितलं की आवाज येणार असं वाटलं की तळवा किंवा हाताचा पुढचा भाग त्यावर हलकेच दाबून धरायचा, आवाज बराच दबतो. "तेच करतोय," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र किंचित उचलून दाखवलं. "पण वर्तमानपत्र घेऊन वर्गात जात नाहीत, सिस्टर." मला पुढे काही सुचेना. पायथ्याकडून काकू म्हणाल्या, "पुस्तक घेऊन जातात की." आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डावा हात छातीशी दुमडला, कोपर पोटाला लावलं, आणि उजव्या हाताने हवेत एक रेघ मारली. "तुम्ही असेच तर लिहिता. पुस्तक डाव्या हातात, पोटाशी धरून. किती वर्षं बघतेय मी." त्यांना ते माहीत होतं. सरांना माहीत नव्हतं की आपण असे उभे राहतो. दुपारी औषधं वाटताना मी दारातून बघितलं तर सर भिंतीपाशी उभे होते, डाव्या कुशीशी माझ्या वॉर्डची एक जाड फाईल धरून. उजवा हात हवेत वर गेला होता. कोपर मध्येच पोटावरून सुटायचं, मग ते थांबायचे, पुन्हा जवळ घ्यायचे. काही तरी लिहीत होते, दोन ओळींचं, आणि शेवटी खाली आडवी रेघ.

त्याने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. पुस्तक कधीतरी टेबलावर ठेवावंच लागतं, कंपास धरायला दोन्ही हात लागतात, हे त्यांनीच मला संध्याकाळी सांगितलं. ते पुन्हा वर्गात उभे राहिले का, पहिला तास कसा गेला, हे मला कळायला मार्ग नव्हता. तपासणीला येणारे पेशंट आमच्या वॉर्डात येत नाहीत. डिस्चार्जपर्यंतचे चार दिवस तेवढे माझ्याकडे आहेत. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आज बॅग बदलताना काकू आत थांबल्या तर चालेल?" ते म्हणाले, "आज नको." मी दुसऱ्या रकान्यातलं "समस्या नाही" खोडलं आणि तिथे लिहिलं, "आज नको म्हणाले." इन्चार्ज सिस्टरनी कागद बघून विचारलं, हे काय लिहिलंस, ही काय नर्सिंगची भाषा आहे का? मी म्हटलं, ही पेशंटची आहे. त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि सही करून पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा "आज नको." मी पुन्हा तेच लिहिलं, तारीख घालून.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पडदा ओढला, पण पूर्ण नाही. हातभर फट ठेवली. काकू फटीशी उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. सर गरम करायला फ्लँज तळव्यांत धरून बसले होते आणि घड्याळाकडे न बघता फटीकडे बघत होते.

चौथ्या दिवशी मी गेले तेव्हा काकू स्टुलावर बसल्या होत्या आणि कात्री त्यांच्या हातात होती. नखं कापायला वापरतात तशी लहान, वाकड्या टोकाची. पेन्सिलची रेघ सरांनी आखून दिली होती. त्या जीभ दातांत धरून कापत होत्या, मधेच कात्री थांबवून फ्लँज फिरवत होत्या, आणि सर शर्ट वर करून, त्या लाल ओलसर स्टोमावर गॉज धरून वाट बघत होते. भोक मोठं झालं. एका बाजूला रेघेच्या चांगलंच बाहेर गेलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार तेवढ्यात सरांनी ती फ्लँज त्यांच्या हातातून घेतली, उजेडात धरून बघितली, बाजूला ठेवली आणि पिशवीतून नवी काढली.

"पुन्हा काप," ते म्हणाले. "घाई नाही."